पऱ्हाटी औष्णिक केंद्रात गेली तर

विदर्भात कोळसा आणि कापूस एकाच मातीच्या वरखाली आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळशाचे थर आहेत आणि त्याच खोऱ्याच्या काळ्या रानात दरवर्षी कपाशी उभी राहते. या कोळशाच्या आधारावर चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा आणि पारस ही केंद्रेही विदर्भातच असल्यामुळे, मुंबई-पुण्यात दिवा लागतो तेव्हा त्याची राख बहुधा आपल्याकडे पडलेली असते. या केंद्रांच्या बॉयलरमध्ये कोळशाबरोबर शेतातील काडीकचराही जाळावा, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये हे धोरण नव्याने आखले आणि त्यासाठी ‘समर्थ’ नावाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. पुढे २०२३ च्या सुधारणेने, २०२४-२५ या वर्षापासून वजनाने पाच टक्के जैवइंधन कोळशात मिसळण्याचे बंधन औष्णिक केंद्रांवर घातले. या धोरणाची चर्चा पंजाब-हरियाणातील धानाच्या पराळीभोवती फिरत राहिली असली, तरी विदर्भापुरता मूळ प्रश्न पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या कपाशीच्या वाळक्या झाडांचा आहे.

पऱ्हाटी जळाली तरी तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो, मग कोळशाऐवजी ती जाळल्याने काय साधते, ही शंका रास्त आहे. पऱ्हाटीतील कार्बन त्या झाडाने जूनपासून डिसेंबरपर्यंत हवेतूनच घेतलेला असतो. ती शेतात कुजली, धुऱ्यावर (बांधावर) पेटवली किंवा चुलीत घातली, तरी तो काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत, बहुतांश हवेतच परत जाणार असतो. कोळशातील कार्बन मात्र पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीत गाडलेला आहे आणि आपण काढला नाही तर तो तिथेच राहील. म्हणून पऱ्हाटीने कोळसा वाचला तरच उत्सर्जन घटले असे म्हणता येते. नुसती पऱ्हाटी जाळून घटत काहीच नाही.

हा हिशेब एका टनाचा मांडून पाहणे उपयोगाचे आहे. चांगली वाळलेली पऱ्हाटी किलोमागे साधारण चार हजार किलोकॅलरी उष्णता देते, आणि आपल्याकडचा भरपूर राखेचा कोळसा साडेतीन ते चार हजार. म्हणजे एक टन पऱ्हाटी जवळजवळ एक टन कोळशाची जागा घेते आणि त्यामुळे सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. त्यातून खर्च वजा करावा लागतो. पऱ्हाटीचा भुगा करून तो दाबून पेलेट, म्हणजे इंधनाच्या छोट्या कांड्या, तयार करण्यास टनामागे अंदाजे शंभर ते दीडशे युनिट वीज लागते. ही वीज कोळशाचीच असेल, तर तिच्यापायी शंभर ते दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर पडलेला असतो. वाहतुकीचा आकडा मात्र अपेक्षेपेक्षा लहान निघतो. दहा टन पेलेट घेऊन ट्रक शंभर किलोमीटर गेला आणि रिकामा परत आला, तर पन्नास-साठ लिटर डिझेल जळते, म्हणजे टनामागे पंधरा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तोच ट्रक सुटी पऱ्हाटी भरून नेला, तर ती इतकी फुगीर असते की दोन-तीन टनांतच ट्रक भरून वाहतो. तेव्हाही कार्बनचे गणित बिघडत नाही, पण भाड्याचे गणित पार कोसळते. थोडक्यात, अंतर खिशाला नडते आणि पेलेटच्या यंत्राची वीज हवामानाला नडते. धोरणाच्या चर्चेत नेमके उलटे ऐकू येते.

आता प्रमाणाचे पाहू. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सात ते आठ हजार टन कोळसा खातो. त्याचा पाच टक्के वाटा म्हणजे रोज सुमारे ३५० ते ४०० टन पेलेट. हेक्टरी दोन टन वाळलेली पऱ्हाटी हाती येते असे धरले, तर हा एकच संच रोज पावणेदोनशे ते दोनशे हेक्टरांची पऱ्हाटी संपवील आणि संच वर्षभर पूर्ण भाराने चालत नाही हे धरून वर्षाकाठी साधारण साठ हजार हेक्टरांची. चंद्रपूरच्या सगळ्या संचांना मिळून तीन ते साडेतीन लाख हेक्टर लागतील. महाराष्ट्रात कपाशीचा पेरा चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास असतो, त्यामुळे माल कमी पडेल असे नाही. तरीही एवढा सगळा खटाटोप करून कोळसा वाचतो तो पाच टक्के, हे नजरेआड करू नये. उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांना पऱ्हाटी हे उत्तर नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याने वरची बेरीज स्वतः करून पाहावी.

देशभरात प्रत्यक्ष मिश्रण ठरवलेल्या पाच टक्क्यांच्या बरेच खाली राहिले आहे. त्याचे एक कारण तांत्रिक आहे आणि पऱ्हाटीच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे. औष्णिक केंद्रातील मिल कोळसा दळण्यासाठी घडवलेली असते. कोळसा ठिसूळ, दाबला की फुटतो. पऱ्हाटीच्या बुडाशी अंगठ्याएवढे जाड लाकूड असते आणि त्यावर चिवट, धाग्यांची साल असते. तिला कोळशाच्या मिलमध्ये घालणे म्हणजे खलबत्त्यात काथ्या कुटणे आहे. गावातल्या, काड्यांचे तुकडे करणाऱ्या चिपर यंत्रातही हीच साल पात्यांना गुंडाळते, आणि यंत्र थांबवून ती कोयत्याने कापून काढावी लागते. शिवाय जैवइंधनात तापल्याबरोबर वायुरूप होणारा भाग सत्तर टक्क्यांच्या घरात असतो. कोळसा सुकवण्यासाठी मिलमध्ये सोडली जाणारी गरम हवा त्याच तापमानाला ठेवली, तर भुगा मिलमध्येच पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून आधी बारीक भुगा, मग पेलेट, आणि मिलचे तापमान उतरवून मोजकेच मिश्रण, असा क्रम ठेवावा लागतो. राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाने उत्तर प्रदेशातील दादरी केंद्रात २०१७ मध्ये याच पद्धतीने सुरुवात केली होती. पेलेट कमी प्राणवायूत २५० ते ३०० अंशांपर्यंत भाजून काढले, तर ते कोळशासारखे ठिसूळ होतात आणि पाण्यालाही कमी भितात, पण मग किंमत वाढते. पऱ्हाटीतील पालाश बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर चढवतो, हीदेखील अडचण आहे, मात्र पाच टक्क्यांच्या मर्यादेत ती आटोक्यात राहते. राखेच्या बाबतीत पऱ्हाटी निश्चितच सरस आहे. कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, आणि पऱ्हाटीत ती एकेरी आकड्यात राहते.

यंत्रांच्या अडचणी पैशाने सुटतील. मला अधिक अडते ते धोरणाच्या भाषेतील ‘टाकाऊ अवशेष’ या कल्पनेशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवटचा वेचा झाला की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत पऱ्हाटी उपटण्याचे काम सुरू होते. जमीन वाळून दगडासारखी झालेली असते, त्यामुळे लोखंडी चिमट्यात बुड धरून, कमरेतून जोर लावून एकेक झाड उपटावे लागते. अनेकदा शेतकरी रोख मजुरी देत नाही. जो रान मोकळे करील त्याने पऱ्हाटी घेऊन जावी, असा बोलीचा व्यवहार असतो. डोक्यावरून वाहिलेले हे भारे भूमिहीन घरांच्या भिंतीला रचलेले पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसतात. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि सिलिंडर घरोघरी पोचले, पण ते पुन्हा भरून आणण्याइतके पैसे हातात नसले की आंघोळीचे पाणी आणि भाकरी पऱ्हाटीवरच होते. ही पऱ्हाटी ट्रकमध्ये भरून गेली, तर त्या घरातील बाई सरपणासाठी जंगलाची वाट धरील. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाची वाट धरणे म्हणजे काय, हे वाघांच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. आणि पऱ्हाटीऐवजी जंगलातील उभे लाकूड तुटले, तर वर मांडलेला १.४ टनांचा हिशेबही खोटा ठरतो. म्हणून औष्णिक केंद्राचा हक्क पोचतो तो फक्त त्या पऱ्हाटीवर, जी आज धुऱ्यावर ढीग करून पेटवून दिली जाते. ती पेटवल्याने टनामागे दोन-तीन किलो मिथेन, नव्वद किलोच्या आसपास विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि भरपूर काजळी हवेत जाते, म्हणून तिथे बचत दुहेरी आहे.

मातीचेही काही देणे लागते. पऱ्हाटी शेतातच बारीक करून गाडावी, असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात ते खरे आहे, कारण विदर्भाच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी झाला आहे. दुसऱ्या बाजूने, पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर उतरते. त्यामुळे फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून घेतलेले कापसाचे पीक) न घेता रान वेळेवर मोकळे करावे, हा सल्लाही तितकाच खरा आहे. माझ्या मते पाला, बोंडांच्या टरफलांचा चुरा आणि सोयाबीनचे कुटार शेतात किंवा गोठ्यात राहावे, आणि जाड काडी तेवढी बाहेर जावी. झाडाच्या अंगातील नत्र बराचसा पाल्यात असतो, काडीत कमी.

यावर कोणी म्हणेल, सौरऊर्जा इतकी स्वस्त झाली असताना हा उपद्व्याप कशाला? शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. रात्री हरभऱ्याला पाणी देताना सापा-विंचवाची भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही, आणि उत्सर्जन घटवण्यात तिचा वाटा पऱ्हाटीहून कितीतरी मोठा असेल. पण सूर्य मावळल्यानंतर गावातले दिवे, पंखे आणि शहरातले वातानुकूलन यंत्र एकदमच सुरू होतात. साठवणुकीच्या बॅटऱ्या पुरेशा येईपर्यंत ती संध्याकाळ औष्णिक संचांनाच सांभाळायची आहे. जे संच चालणारच आहेत, त्यांतील कोळशाचा वाटा जमेल तेवढा कमी करणे, एवढाच या मिश्रणाचा अर्थ आहे.

दिवसाच्या सौर विजेचा पऱ्हाटीशी आणखी एक संबंध जोडता येईल. पेलेटचे यंत्र दुपारच्या उन्हाच्या विजेवर चालवले, तर त्याच्या विजेपायी होणारे उत्सर्जन जवळपास नाहीसे होते, आणि यंत्र संध्याकाळी बंद ठेवण्यास कोणाचीच हरकत नसते. जागाही शोधावी लागणार नाही. विदर्भातील जिनिंग कारखाने दिवाळीनंतर गजबजतात आणि उन्हाळा लागला की ओस पडतात. त्यांच्याकडे छप्पर आहे, ट्रान्सफॉर्मर आहे, वजनकाटा आहे आणि आसपासच्या शेतकऱ्यांची ओळख आहे. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पेलेट, ब्रिकेट (दाबलेल्या भुग्याचे मोठे ठोकळे) आणि भुशाचे तक्ते करण्यावर बरेच काम केले आहे आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि केंद्राला तो बारा महिने लागतो, तेव्हा मृगाआधी पेलेट कोरड्या गोदामात पोचले पाहिजेत, कारण पाऊस लागलेला पेलेट पुन्हा भुगा होतो.

भाव ठरवताना मात्र एक पथ्य पाळावे लागेल. नुकतीच उपटलेली पऱ्हाटी जवळपास निम्मी पाणी असते, आणि तीच एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर पडली की तिच्यातील ओलावा दहा-बारा टक्क्यांवर येतो. नुसत्या वजनावर भाव दिला तर ओली पऱ्हाटी काट्यावर आणणे शहाणपणाचे ठरेल, आणि ती वाळवण्याचे काम, जे विदर्भाचे ऊन फुकटात करते, ते विकतचे इंधन जाळून करावे लागेल. म्हणून सोयाबीन घेताना व्यापारी ओलावा मोजतो, तसा पऱ्हाटीच्या काट्यावरही ओलावा मोजण्याचा मीटर शेतकऱ्यासमोर लावावा, आणि वाळलेल्या मालाला चढा भाव असल्याचा फलक हंगामाआधीच लागलेला असावा.