शंट की सिरीज: वीजगळती नेमका कोणता कपॅसिटर कमी करतो?

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की मराठवाड्यातल्या फीडरवर (उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या लाइनवर) एकाच वेळी मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि ‘कपॅसिटर बसवा’ असा सल्ला मिळतो. सल्ला अगदी योग्य आहे. मात्र उच्चदाब लाइनवरच्या सिरीज कपॅसिटरचं नाव निघालं की तोही वीजगळती हमखास कमी करतो असं समजलं जातं. तसं नाही.

स्टार्टरजवळ लावतो तो शंट, म्हणजे मोटारीला समांतर जोडलेला. मोटारीला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीज तो जागेवरच पुरवतो, मग ती उपकेंद्रातून ओढून आणावी लागत नाही. ५ एचपीची मोटार ०.७ पॉवर फॅक्टरला (म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा ०.७ असताना) साधारण ९.३ अँपिअर घेते. पॉवर फॅक्टर ०.९ झाला की तारेतला करंट ७.२ वर येतो. गळती, म्हणजे तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज, करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे त्या मोटारीच्या तारेतली गळती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. तोच कपॅसिटर डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) लावला तर डीपीपासून शेतापर्यंतच्या तारेला काहीच फायदा नाही. म्हणून कनेक्शन घेताना आलेला कपॅसिटर काढून मोटार थेट जोडलेली दिसली की वाईट वाटतं. अख्ख्या डीपीवरचे शेतकरी त्याची किंमत मोजतात.

सिरीज कपॅसिटर लाइनमध्येच, करंटच्या वाटेत बसतो. तो लाइनचा रिअॅक्टन्स, म्हणजे तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे करंटला होणारा अडथळा, कमी करतो. त्यामुळे एकूण वीज तेवढीच राहून दोन समांतर लाइनपैकी या लाइनकडे जास्त वळते. गळती घटेल की वाढेल हे मात्र लाइनच्या रेझिस्टन्सवर, म्हणजे तार तापवणाऱ्या विरोधावर ठरतं. समजा दोन्ही लाइनचा रिअॅक्टन्स ४० ओहम आहे, पण रेझिस्टन्स एकीचा ४ आणि दुसरीचा ८. वीज निम्मी-निम्मी वाटली जाते. ही गळती ३ धरू. ४ ओहमच्या चांगल्या लाइनवर ५० टक्के कॉम्पेन्सेशन दिलं, म्हणजे कपॅसिटरने तिचा रिअॅक्टन्स निम्मा केला, तर ती ढोबळमानाने २.६७ होते. तेच उपकरण दुसरीवर बसवलं तर गळती थेट ४! उपकरण तेच, खर्च तोच. जागा आणि प्रमाण आधी गणिताने ठरवावं लागतं ते यासाठीच. जाळ्यातला भार बदलला की उत्तरही बदलू शकतं. कपॅसिटरचं प्रमाण चालू लाइनवरही बदलता येतं; रायपूर–राउरकेला ४०० केव्ही लाइनवर थायरिस्टरने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) कमी-जास्त करता येणारा असा सिरीज कपॅसिटर आहे.

परळीसारख्या औष्णिक केंद्राजवळ आणखी एक काळजी घ्यावी लागते. सिरीज कपॅसिटर आणि टर्बाइनचा शाफ्ट (फिरणारा दांडा) यांच्यात कमी वारंवारतेचा अनुनाद, म्हणजे एकमेकांची कंपनं वाढवत नेणं, होऊ शकतो. अमेरिकेतल्या मोहावी केंद्रात १९७० आणि १९७१ मध्ये यामुळेच शाफ्टचं नुकसान झालं होतं.

गावच्या ११ केव्ही फीडरवर सिरीज कपॅसिटर टोकाचं व्होल्टेज थोडं उचलेल, पण तिथे विजेला रस्ताच एक असतो, वळवायला दुसरी लाइन नसते. तिथली गळती शंटच कमी करतो, आणि तोही मोटारीजवळ लावलेला.