ऐकत नाही, की कान दुखतोय? डॅशहंडचा हट्ट आणि कानाचा आजार

मराठीत 'ऐकणं' या एकाच क्रियापदात दोन गोष्टी सामावतात: आवाज कानावर पडणं आणि सांगितलेलं मानणं. डॅशहंड हा लांब पाठीचा, आखूड पायांचा कुत्रा पाळणाऱ्या घरांत घोटाळा नेमका इथे होतो. 'हा ऐकतच नाही' अशी तक्रार असते. त्यातली किती तक्रार स्वभावाची आणि किती कानाची, हे कुणी तपासलेलं नसतं. दोन्हींची लक्षणं वरवर सारखी दिसतात: हाक मारली की येत नाही, पट्टा घालू देत नाही, डोक्याला हात लावला की गुरगुरतो. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. हट्टावर डॉक्टर लागत नाहीत आणि दुखऱ्या कानाला शिस्त लावता येत नाही.

हट्ट कुठून येतो ते आधी पाहू. ही जात जर्मनीत घडली. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर, जमिनीत बिळं करून राहणारा प्राणी. त्याच्या बिळात शिरून त्याच्याशी भिडणं हे या आखूड पायांच्या कुत्र्याचं काम. बिळात मालक दिसत नाही, त्याचा इशाराही पोचत नाही, त्यामुळे पुढे सरकायचं की थांबायचं हे कुत्र्यालाच ठरवावं लागे. असा स्वतःच्या बुद्धीने चालणारा कुत्रा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम निवडून वाढवला. तो आज दिवाणखान्यात 'बस' म्हटल्यावर क्षणभर विचार करतो, तो बिघाड नव्हे. बसण्यात त्याचा फायदा काय, एवढंच तो पाहत असतो.

कान मात्र दुखण्याला सोयीचा. लांब, लोंबती पाळी कानाचं तोंड झाकते, आत हवा खेळत नाही, ऊब आणि ओल टिकते. कुत्र्याची कानाची नळी माणसासारखी जवळपास सरळ नसते. ती आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि तिच्या टोकाला पडदा असतो. मळ, पाणी, कुसळ काहीही त्या वळणाच्या तळाशी साठतं आणि आपोआप वर येणं अवघड होतं. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने केस नीट वाळत नाहीत, तेव्हा हे दुखणं हमखास डोकं वर काढतं.

आता फरक ओळखायचा कसा?

हट्ट जागेनुसार बदलतो, दुखणं स्पर्शानुसार. घरात दहापैकी नऊ वेळा बसणारा कुत्रा सोसायटीच्या गेटपाशी मांजर दिसल्यावर बसत नसेल, तर तो हट्टही नाही, शिकवणी अर्धवट राहिली आहे. याउलट घरात, शांत वेळी, उकडलेल्या चिकनचा तुकडा समोर असतानाही पट्टा डोक्यावरून घालताना तो मागे सरत असेल, तर आधी कान बघा. दुखणाऱ्या कुत्र्याचं वागणं बहुधा एकाएकी बदलतं. मागच्या महिन्यापर्यंत डोकं कुरवाळून घेणारा आज हात आला की मान वळवतो. बऱ्याचदा हे एकाच बाजूचं असतं: उजवीकडून हात नेला तर चालतो, डावीकडून नेला की दात दाखवतो. हट्ट कधी डावा-उजवा पाहत नाही.

तिसरी शक्यताही लक्षात असू द्या, खरोखरच ऐकू न येण्याची. कुत्रा पाठमोरा आणि जागा असताना, तुमची सावली किंवा वाऱ्याची झुळूक त्याच्यापर्यंत पोचणार नाही अशा बेताने शेजारच्या खोलीतून खाऊच्या पाकिटाचा आवाज करा. जमिनीवर पाय आपटू नका, कंप त्याला पायातून कळतो. वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा करून बघा. कान हललाच नाही, पण हाताच्या खुणेवर तो लगेच बसतो, दारावरची बेल वाजली तरी झोपून राहतो, हात लागला की दचकतो, अशी लक्षणं एकत्र दिसली तर बहिरेपणाचा संशय घ्यावा. वयाने हे बऱ्याचदा होतं. पण आई-बाप दोघेही ठिपकेदार 'डॅपल' रंगाचे असतील, तर काही पिल्लं जन्मतः बहिरी किंवा आंधळी निघतात. असं प्रजनन करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये, हे आमचं ठाम मत आहे.

कान तपासताना पाळी उलटी करून उजेडात पाहा आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. निरोगी कान आतून फिकट गुलाबी, थोडासा पिवळट-तपकिरी मळ असलेला आणि जवळपास बिनवासाचा असतो. बुरशीच्या संसर्गात तपकिरी, चिकट-तेलकट मळ आणि आंबलेल्या पिठाची आठवण यावी असा वास येतो, खाजही खूप असते. जिवाणूंच्या संसर्गात पिवळा किंवा हिरवट पू, उग्र दुर्गंध आणि खाजेपेक्षा ठणका जास्त. कानातले माइट्स (अगदी बारीक परजीवी किडे) असतील तर वाळलेल्या चहापावडरीसारखा काळा, कोरडा भुगा निघतो. हे पिल्लांत आणि घरात मांजर असलेल्या ठिकाणी जास्त दिसतं, आणि एका प्राण्याला झाले की घरातल्या सगळ्या प्राण्यांवर उपचार करावे लागतात. हे वर्णन फक्त अंदाजासाठी आहे. बुरशी आणि जिवाणू बऱ्याचदा एकत्र असतात, म्हणून डॉक्टर बोळ्यावर मळ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ती तपासणी न करता मागच्या वेळच्या बाटलीतलं औषध घालणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

घाटावरच्या माळरानांवर पावसाळा सरला की कुसळी गवत वाळतं. फिरून आल्यावर कुत्रा अचानक एका बाजूला डोकं झटकू लागला, मान तिरकी धरली, तर कुसळ शिरलं असं समजा. त्याची रचनाच अशी असते की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. तेल ओतून ते निघत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोकं सतत झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून कान फुग्यासारखा सुजतो, तेही घरी सुईने फोडू नये. आणि मान कायम कलती राहणं, तोल जाणं, गोल गोल फिरणं, बुबुळं थरथरणं, ओठ एका बाजूला लोंबणं यांतलं काहीही दिसलं तर दुखणं पडद्याच्या आत पोचलेलं असू शकतं. तिथे सकाळची वाट पाहू नका.

घरगुती उपायांत सगळ्यात घातक सवय म्हणजे कोमट खोबरेल, तेही कधी लसूण घालून. तेलाने मळ आत कोंडतो आणि बुरशीला हवं ते वातावरण मिळतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने सोललेली कातडी भाजून निघते. कापसाची काडी मळ काटकोनाच्या तळाशी ठासते. माणसांचे कानाचे थेंबही नकोत: पडदा फाटलेला असेल तर त्यातली काही प्रतिजैविकं आतल्या कानापर्यंत पोचून कायमचा बहिरेपणा आणू शकतात. पडदा शाबूत आहे का, हे डॉक्टर यंत्राने आत पाहूनच सांगू शकतात.

साफसफाईची रीत सोपी आहे. कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर हाताच्या मुठीत किंवा कोमट पाण्याच्या वाटीत धरून अंगाच्या उबेइतकं करा. गार द्रव आत गेला की चक्कर येते आणि पुढच्या वेळी कुत्रा बाटली पाहूनच पलंगाखाली जातो. पाळी वर धरून नळी काठापर्यंत भरेल इतकं घाला, बाटलीचं टोक आत खुपसू नका. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, २० ते ३० सेकंद बोटांनी चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव वळणापर्यंत पोचला. आता हात सोडा आणि त्याला डोकं झटकू द्या, तळातला मळ वर आणण्याचं काम तो झटकाच करतो. वर आलेलं कापसाने किंवा जाळीच्या पट्टीने टिपा, तुमचं बोट जाईल तिथपर्यंतच. थेंब द्यायचे असतील तर सफाईनंतर १०-१५ मिनिटं थांबा, नाहीतर औषध पातळ होतं.

निरोगी कान आठवड्यातून एकदा नुसता पाहावा आणि हुंगावा. सफाई मळ दिसला तरच, साधारण दोन ते चार आठवड्यांनी. रोज धुतल्याने आतली कातडी ओलसर होऊन सोलते आणि नसलेला संसर्ग ओढवतो. आंघोळीनंतर पाळी दोन्ही बाजूंनी सुती कापडाने टिपावी. आंघोळीपूर्वी कानात कापसाचा बोळा ठेवला असेल तर तो आठवणीने काढावा. औषधाचा कोर्स वास गेला म्हणून चौथ्या दिवशी थांबवू नका, बरीच दुखणी अशीच उलटतात. आणि वर्षातून तीन-चारदा तोच कान बिघडत असेल तर मूळ कारण बहुधा ॲलर्जी असते, त्वचेची किंवा खाण्याची. तिथे नुसते थेंब बदलून भागत नाही.

आता हट्टाकडे, कारण कानाचा उपचारच पुष्कळदा हट्ट तयार करतो. 'मोती, ये!' अशी प्रेमाने हाक मारायची, तो धावत आला की पकडून थेंब घालायचे. असं तीनदा झालं की 'ये' या शब्दाचा अर्थ त्याच्यासाठी 'आता कान दुखणार' असा होतो. चौथ्यांदा तो येत नाही, तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो. औषधाच्या वेळी कधीही हाक मारू नका, स्वतः उठून त्याच्याकडे जा. आणि शिक्षा म्हणून कान पिळणं तर सोडाच, कानाला धरून खेळवूही नका.

कान हाताळू देण्याचा सराव कान निरोगी असतानाच करावा. दुखऱ्या कानावर खाऊ देऊन सराव केला तर खाऊचीही भीती बसते. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बस. खाऊ वाटाण्याच्या दाण्याच्या निम्म्या आकाराचा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर, गाजर. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. दिवसभराचा सगळा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावा, कारण डॅशहंडचं वाढलेलं वजन थेट त्याच्या लांब पाठीवर येतं. याच कारणासाठी त्याला दोन पायांवर उभं राहायला शिकवू नये.

आधी तळहातावर हनुवटी टेकवायला शिकवा: टेकवली की एक-दोन सेकंदांच्या आत खाऊ. ती स्थिर राहू लागली की दुसऱ्या हाताने पाळीला नुसता स्पर्श, खाऊ. मग पाळी एक सेकंद उचलून सोडणं, मग तीन सेकंद, मग कोरडा कापूस आतल्या बाजूला टेकवणं. बाटली पहिले दोन दिवस फक्त शेजारी ठेवलेली असावी. हनुवटी उचलली की हात लगेच दूर घ्या, धरून ठेवू नका. 'नको' म्हटलं तर माणूस थांबतो हे कळलेला डॅशहंड आश्चर्य वाटावं इतका सहकार्य करतो. घाई केलीत तर दोन आठवड्यांची मेहनत एका दुपारी जाते. बाटलीच्या फुस्स आवाजाला बिचकत असेल तर क्लीनरने भिजवलेला कापसाचा बोळा नळीच्या तोंडाशी धरून बाहेरून हलकेच दाबा, द्रव आपोआप आत उतरतो.

शब्दांचाही हिशेब ठेवा. आजी 'बस' म्हणते, मुलगा 'सिट', वडील 'खाली बस रे बाबा', तर कुत्र्याला एकही शब्द पक्का होत नाही. घरात एक शब्द ठरवा, एकदाच म्हणा आणि त्यासोबत हाताची एक खूण ठेवा. पाच वेळा 'बस बस बस' म्हणून तो बसला, तर पाचवा 'बस' खरा असतो एवढंच तो शिकतो. खुणेचा दुहेरी उपयोग आहे: म्हातारपणी कान गेले तरी बोलणं चालू राहतं. आणि खुणेवर बसणारा कुत्रा एखाद्या दिवसापासून शब्दावर बसेनासा झाला, तर पाळी उलटून आत पाहायची वेळ झाली.