न सापडलेल्या घरट्यांचा हिशेब

पक्षीनिरीक्षणाच्या अहवालांत एक वाक्य हमखास असते: ‘एकूण ३० घरटी सापडली, त्यांपैकी १२ घरट्यांतून पिल्ले उडाली, म्हणजे यश ४० टक्के.’ भागाकार बरोबर असतो, उत्तर चुकीचे. शिवाय ही चूक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला झुकते: यश आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

समजा, मादीने पहिले अंडे घातले आणि तिसऱ्या दिवशी सापाने घरटे साफ केले. पाचव्या दिवशी तिथून गेलेल्या निरीक्षकाला काहीच दिसणार नाही, आणि ते घरटे वहीत येणारच नाही. याउलट पिल्ले चिवचिवाट करू लागली, आईबाप चोचीत अळ्या धरून ये-जा करू लागले, की घरटे सहज सापडते. पण ते तोवर टिकलेले असते म्हणूनच सापडते. यादीत उशिरा आलेल्या घरट्यांची गर्दी होते आणि टक्केवारी फुगते.

यावरचा तोडगा हॅरॉल्ड मेफील्ड या अमेरिकी हौशी पक्षी-अभ्यासकाने १९६१ साली मांडला. मिशिगनमधल्या किर्टलँड्स वॉर्बलर या दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदींवर तो काम करत होता. त्याने घरटी मोजण्याऐवजी ‘घरटे-दिवस’ मोजले. एक घरटे एक दिवस आपल्या नजरेखाली राहिले की एक घरटे-दिवस. दहाव्या दिवशी सापडलेल्या आणि चोविसाव्या दिवशी पिल्ले उडालेल्या घरट्याचे १४ दिवस धरायचे, आधीचे दहा नाहीत. कारण त्या दहा दिवसांत ते उद्ध्वस्त झाले असते, तर आपल्याला कळलेच नसते. शेवटची भेट सहाव्या दिवशी, घरटे शाबूत. पुढची दहाव्या दिवशी, घरटे रिकामे. अशा वेळी नाश मधोमध, म्हणजे आठव्या दिवशी झाला असे मानायचे.

आता वरच्याच ३० घरट्यांचे मिळून ३६० घरटे-दिवस भरले आणि १८ घरटी गेली असे समजू. १८ भागिले ३६० म्हणजे ०.०५. रोजचा धोका ५ टक्के, रोजचा टिकाव दर ०.९५. उबवण १२ दिवस आणि पिल्लांचे संगोपन १२ दिवस असेल, तर घरट्याला सलग २४ दिवस तगायचे आहे. ०.९५ चा २४ वा घात येतो ०.२९. चाळीस टक्क्यांचे यश २९ वर आले. अंडी घालण्याचे चार दिवस धरले तर २४ टक्के.

या घातांकातच सगळी गंमत आहे. रोजचा दर ०.९५ वरून ०.९७ झाला, तर वरवर पाहता फरक किरकोळ, पण २४ दिवसांचे यश २९ वरून ४८ टक्क्यांवर जाते. म्हणून घरट्यावरचे पानांचे आच्छादन थोडे दाट असणे किंवा मांजर रात्री घरात कोंडलेले असणे, असे बारीकसारीक फरकही मोठे ठरतात.

मेफील्डच्या पद्धतीचे एक गृहीतक मात्र कच्चे आहे: धोका रोज सारखाच. अंड्यांच्या काळात दर ०.९६ आणि पिल्लांच्या काळात ०.९४ असू शकतो; तेव्हा दोन्हींचा १२ वा घात वेगवेगळा काढून गुणाकार करतात. हल्ली त्याही पुढे जातात. टिकण्याची संभाव्यता भागिले न टिकण्याची संभाव्यता, या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन तो घरट्याची उंची, जंगलाच्या कडेपासूनचे अंतर, पाऊस, तारीख यांच्याशी सरळ रेषेने जोडतात. चार दिवसांच्या अंतराने भेट दिली असेल, तर त्या चार दिवसांच्या दरांचा गुणाकार वापरतात. मग ‘मधोमध’ मानण्याची गरज उरत नाही.

घरटी जातात ती मुख्यतः भक्षकांमुळे: साप, कावळे, उंदीर, खारी, मांजरे. रिकाम्या घरट्यावरून भक्षक ओळखण्याचा मोह टाळलेला बरा. साप अंडी अख्खी गिळतो, पण मागे काहीही न ठेवणारे इतरही आहेत. खात्री कॅमेऱ्यानेच होते. ढोलीतली घरटी उघड्या घरट्यांपेक्षा सहसा जास्त टिकतात. मुसळधार पाऊस, अळ्यांचा तुटवडा, कोकिळेसारख्यांची घुसखोरी ही पुढची कारणे. उष्णताही मारते: अंड्याचे तापमान सुमारे ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिले, तर गर्भ लवकर मरतो. पत्र्याची किंवा रंगीबेरंगी प्लास्टिकची शोभेची घरटी विकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्या घरट्यांपुढची बसायची दांडीही भक्षकाच्याच सोयीची असते.

‘माणसाचा हात लागला की वासामुळे आईबाप पिल्ले टाकून देतात’ ही समजूत निराधार आहे. पण म्हणून घरट्यात डोकावत राहणेही योग्य नाही. अंडी घालताना आणि उबवणीच्या सुरुवातीला वारंवार व्यत्यय आला तर मादी घरटे खरोखर सोडते. उडायच्या बेतात असलेली पिल्ले दचकून वेळेआधीच बाहेर उड्या मारतात. अभ्यासकाने तीन-चार दिवसांनी एकदा जावे, काठीला आरसा बांधून काही सेकंदांत पाहावे, आणि आल्या वाटेने न परतता सरळ पुढे निघून जावे. नाहीतर घरट्यापाशी संपणारी आयती वाट तयार होते. पावसात, थंड पहाटे आणि टळटळीत उन्हात जाऊ नये. जवळ कावळा बसला असेल तर त्या दिवशी भेट रद्द.

घरट्याचे वय ठाऊक नसेल तर अंडे कोमट पाण्यात अलगद सोडून पाहतात. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काही दिवसांनी तिरके होते, मग उभे राहते, शेवटी तरंगते. उबवणीत कवचाच्या छिद्रांतून बाष्प जाऊन अंड्याचे वजन साधारण १५ टक्क्यांनी घटते आणि हवेची पोकळी वाढते. अर्थात हे काम परवानगी असलेल्या, हात बसलेल्या माणसाचे.

आणखी एक घोटाळा राहतोच. घरट्याचे यश म्हणजे जोडीचे यश नव्हे. एक घरटे गेले की अनेक पक्षी दुसरे बांधतात. यशाची शक्यता २९ टक्के आणि संधी तीन असतील, तर तिन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता ०.७१ चा घन, म्हणजे ०.३६. निदान एकदा पिल्ले उडवणाऱ्या जोड्या ६४ टक्के! पण तिसरे घरटे त्याच मादीचे आहे हे कळायला तिच्या पायात रंगीत कडी घातलेली असावी लागतात.