गूढ शब्दकोडे

गूढ शब्दकोडे : शब्दकोड्याचा एक अवघड प्रकार. साध्या कोड्यात ‘समुद्र (३)’ असे विचारले की ‘सागर’ लिहून मोकळे होता येते. गूढ कोड्यात त्याच उत्तरासाठी ‘पहिल्या सुरापुढे फळाचा मगज, झाले पाणीच पाणी (३)’ असे शोधसूत्र येते. पहिला सूर ‘सा’, मगज म्हणजे ‘गर’ आणि ‘पाणीच पाणी’ ही उत्तराची व्याख्या. कंसातला आकडा अक्षरसंख्येचा.

शोधसूत्राचे सहसा असे दोन भाग असतात, व्याख्या आणि शब्दखेळ. व्याख्या वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधे नसते. त्यामुळे वाक्य नेमके कुठे तोडायचे, हा सोडवणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न. वरवरचा अर्थ चकवण्यासाठीच रचलेला असतो, पण दोन्ही भाग वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तरापाशी पोचतात. म्हणूनच उत्तर सापडले की त्याबद्दल शंका उरत नाही, आणि या खेळाचा खरा आनंद तिथेच आहे.

पहिले शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात छापले. गूढ रूप त्यानंतर ब्रिटनमध्ये घडले. एडवर्ड पॉविस मॅदर्स १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात अशी कोडी रचत. शोधसूत्र सोडवणाऱ्याशी प्रामाणिक असावे, त्यात फालतू शब्द नसावेत, हे दंडक डी. एस. मॅकनट या कोडी रचणाऱ्याने १९६६ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. पुण्यातल्या शौकिनांना गूढ कोडी भेटतात ती मुख्यतः इंग्रजी दैनिकांत. मराठी दैनिकांतली कोडी बहुतांशी सरळ अर्थाची असतात.

हे खटकण्याजोगे आहे, कारण मराठीला या खेळाची सामग्री घरचीच आहे. श्लेष, कूटश्लोक, उखाणे यांवर पिढ्या पोसल्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या बारामतीत राहणाऱ्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामायणे रचली, त्यांतले एक निरोष्ठ, म्हणजे ओष्ठ्य अक्षरे टाळून रचलेले. रामाच्या कथेत ‘म’ वर्ज्य!

मात्र इंग्रजीचे नियम मराठीत जसेच्या तसे चालत नाहीत. देवनागरीत एका चौकटीत एक अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट; जोडाक्षरही एकच धरतात. ‘दीन उलटला की वाहते (२)’ याचे उत्तर ‘नदी’. उलटताना ‘दी’ची वेलांटी ‘दी’बरोबरच जाते. ‘विस्कटलेल्या सासरातला पक्षी (३)’ म्हणजे ‘सारस’; ‘विस्कटलेल्या’ हा शब्द ‘सासर’ची अक्षरे हलवायला सांगतो. इथेही ‘सा’ फुटत नाही. दडवलेल्या शब्दांत, म्हणजे उत्तर सूत्राच्याच अक्षरांत सलग लपवलेले असते तिथे, हे बंधन फार जाचते. ‘पिंपळपान शेतकऱ्याने दडवले, तेच फुटलेले धरण (४)’ या सूत्राच्या पोटात ‘पानशेत’ सलग सापडते. पुणेकराला १२ जुलै १९६१ चा पूर आठवला की व्याख्याही पटते. हेच सूत्र ‘पिंपळपान शेतात’ असे लिहिले तर मोडते, कारण शेवटच्या चौकटीला ‘त’ हवा आणि तिथे ‘ता’ आहे. मराठी रचनाकाराची निम्मी मेहनत अशा जागी जाते.

उलट, काही करामती देवनागरीतच साधतात. ‘पार्वतीचा काना हरवला, सापडली टेकडी (३)’ म्हणजे ‘पर्वती’. अक्षरसंख्या तीच राहते, नुसता काना गळतो. टेकडीवरच्या देवदेवेश्वराच्या मंदिरात पार्वतीही आहे, म्हणून वरवरचे वाक्यसुद्धा स्थळाला शोभते. विभक्तीचे प्रत्यय मात्र सांभाळावे लागतात. ‘सासरातला’ यात मूळ शब्दाचे ‘र’ हे अक्षर ‘रा’ होते, आणि प्रत्यय सोडून शब्दाचे मूळ रूप घ्यायचे हा संकेत रचनाकार आणि सोडवणारा दोघांनाही मान्य असावा लागतो. दडवलेल्या शब्दाला ही सूट नाही. तिथे अक्षरे छापली असतील तशीच वाचायची.

दुहेरी व्याख्येच्या सूत्रात शब्दखेळ नसतोच. त्याच्या जागी दुसरी व्याख्या येते. ‘महापालिकेला द्यावा लागतो हात (२)’ याचे उत्तर ‘कर’. अशा सूत्रांत शब्दाचा दुसरा अर्थ खरोखर रूढ आहे का, यावर वाद होतात. तेव्हा कोश उघडावा. दाते-कर्वे यांचा, पुण्यातच १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ या कामी सर्वांत उपयोगी, कारण त्यात बोलीतले आणि जुन्या वाङ्मयातले अर्थही नोंदलेले आहेत.