दाताची ‘कीड’ आणि फ्लोराइड

तासगावचा नवा बेदाणा घरात आला की आमच्याकडं सांगलीत त्या डब्याला झाकण म्हणून राहत नाही. पोरं येता-जाता मूठ भरतात. माझ्या सात वर्षांच्या पुतणीची दाढ ठणकायला लागली, तेव्हा आईनं तिथं लवंग ठेवली. म्हणाली, “कीड लागलीय, मरेल.” दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं: दाढेच्या खाचेत मोहरीएवढा तपकिरी खड्डा. आम्ही दुधाची समजत होतो ती दाढ खरं तर कायमची होती. सहाव्या वर्षाच्या सुमारास ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागं गुपचूप उगवते, एकही दात न पडता. त्यामुळं घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

पोरगी दोन वेळा दात घासत होती. पेस्ट होती कडुनिंब-लवंगेची, फ्लोराइड नसलेली.

मला वाटतं, ‘कीड’ या शब्दानंच आपला घोटाळा केलाय. कीड म्हटलं की ती मारायची, आणि मारायला कडू-तिखट काहीतरी हवं. प्रत्यक्षात दात विरघळतो. दाताचं वरचं कवच वजनानं 95 टक्क्यांहून जास्त खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की कवचातून खनिज सुटायला लागतं. पुढं अर्ध्या-पाऊण तासात लाळ आम्ल निववते आणि खनिज थोडं थोडं परत बसतं. ही ये-जा दिवसभर चालू असते. गुळाचा खडा, दाढेला चिकटलेला बेदाणा, पुन्हा तासाभरानं चहा-बिस्कीट, असं सुरू राहिलं की परत बसायला उसंतच मिळत नाही.

फ्लोराइडचं काम इथं आहे. पेस्टमधून लाळेत ते अगदी थोडं जरी उतरलं तरी खनिज लवकर परत बसतं, आणि नव्यानं बसलेला थर जास्त चिवट असतो. तो साधारण 4.5 सामूपर्यंत तग धरतो. ब्रशचे केस खाचेच्या तळाशी पोचत नाहीत, लाळेतलं फ्लोराइड पोचतं. लवंगेतलं युजेनॉल ठणका कमी करतं, कवच भरून काढत नाही. फ्लोराइड नसलेल्या पेस्टनं नीट घासलं तर हिरड्यांना फायदा होतो, रक्त यायचं थांबतं. किडीपासून मात्र तेवढं संरक्षण मिळत नाही. 2003 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मुलांवरच्या 70 हून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या. फ्लोराइडच्या पेस्टनं किडीचं प्रमाण सरासरी 24 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

एक अपवाद सांगायलाच हवा. हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे दाताचंच खनिज, घातलेल्या पेस्टला जपाननं 1993 मध्ये कीडरोधक म्हणून मान्यता दिली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधल्या 18 महिन्यांच्या चाचणीत मोठ्या माणसांत ती फ्लोराइडच्या मागं पडली नाही. पण फ्लोराइडच्या पाठीशी असलेल्या पुराव्यापुढं हा पुरावा अजून फार थोडा आहे.

(आणि मिश्री ही दात घासायची वस्तूच नव्हे. ती भाजलेली तंबाखू आहे.)

भीती असते ती फ्लोराइड पोटात जाण्याची, आणि ती उगाच नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडं काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यानं मुलांच्या दातांवर डाग पडलेत. पण ते पाणी रोज प्यायलं जातं. पेस्ट थुंकायची असते. लहान मुलं ती गिळतात, म्हणून मात्रा सांभाळायची: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं सहापर्यंत वाटाण्याएवढी. आपल्याकडं पेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड घालायला कायद्यानं परवानगी नाही, आणि आकडा नळीवर छापावा लागतो. तो आकडाच नसेल तर नळी परत ठेवा.

आणि घासल्यावर खळखळून चूळ भरायची आपली सवय! तिनं बरंचसं फ्लोराइड वाहून जातं. पुतणीची दाढ भरून घेतली. आता रात्री ती फेस थुंकते आणि सवयीनं तांब्याकडं हात नेते. आई तो आधीच उचलून ठेवते.