पार्श्वभूमी : हात न लावणारा सहाय्यक

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना रोबो नवा नाही. जाळीआड ठिणग्या उडवत वेल्डिंग करणारा तो लांब हात. तो चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही, हे वर्षानुवर्षांच्या पाळ्यांनी अंगात मुरलेलं. त्यामुळे ज्येष्ठांचा व्यायाम घेणारा रोबो म्हटलं की नाशिकच्या कट्ट्यावर शंका येणारच : तो आपल्याला धरून उठवणार की काय?

घोळ ‘सहाय्यक’ या शब्दात आहे. पूर्वी या नावाखाली मुख्यतः अंगाला जोडायची यंत्रं यायची, उदाहरणार्थ पक्षाघातानंतर हात-पाय हलवून घेणारी. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी वेगळा गट मांडला, ‘सामाजिक सहाय्यक’ रोबोंचा. हा बोलतो, करून दाखवतो, शाबासकी देतो. हात मात्र लावत नाही. खरं तर याला मास्तर म्हणायला हवं होतं. जोडलेलं यंत्र कष्टाचा काही वाटा उचलतं, इथे सगळी मेहनत आजोबांच्याच स्नायूंची.

पुढे तिथल्याच प्रयोगांत ज्येष्ठ खुर्चीत बसत, समोरचा रोबो हात वर-खाली करी आणि कॅमेऱ्यातून पाहून चूक सांगे. एका खेळात पाळी उलटायची : आजींनी हात हलवायचे, रोबोने नक्कल करायची. तोच व्यायाम पडद्यावरच्या रोबोनेही घेतला, पण पसंती मिळाली ती समोर बसलेल्या रोबोला.

जपानमध्ये सरकारी पैसा वेगळ्या वाटेने गेला. २०१२ मध्ये दोन मंत्रालयांनी शुश्रूषा-रोबोंसाठी प्राधान्याची क्षेत्रं ठरवली : उचलणं, चालताना आधार, शौच आणि देखरेख. २०१४ मध्ये अंघोळ आली, २०१७ मध्ये संवाद. मनुष्यबळाची टंचाई होती, कर्मचाऱ्यांच्या कंबरा धरत होत्या, हे मान्य. तरी शरीराची क्षमता टिकवण्याच्या सरावाला स्वतंत्र जागा मिळाली ती २०२४ च्या सुधारणेत, आणि अंमल एप्रिल २०२५ पासून. उचलणारं यंत्र आधी, उठायचा सराव बारा वर्षांनी!

दरम्यान २०१४ मध्ये आलेला, १२० सेंटिमीटर उंचीचा बोलका रोबो तिथल्या वृद्धाश्रमांत कवायत घेऊ लागला होता. त्याचं उत्पादन २०२० मध्ये थांबवलं गेलं.

त्याच वर्षीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. तोलाचा व्यायाम बहुतेक उभ्यानेच, आणि तिथे पाय लटपटला तर हात न लावणारा मास्तर फार तर ‘सांभाळा’ म्हणेल. धरायला शेजारी माणूस लागतो.