खुंटावरचा हातोडा: कोल्हापुरातल्या मालकी जंगलतोडीची पार्श्वभूमी

शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या घाटमाथ्यावर जंगल वाचवायला धडपडणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत मोजपट्टी, सातबारा आणि तोडपरवान्याची नक्कल असते. ही लढाई कागदाची झाली, कारण इथलं बरंच रान खासगी मालकीचं आहे.

संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं दाजीपूर १९५८ मध्ये गवा अभयारण्य झालं. १९८५ मध्ये हद्द वाढून ३५१.१६ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य उभं राहिलं. राखीव रानाला संरक्षण मिळालं, पण हद्द दाखवणाऱ्या दगडी बुरुजापलीकडे तसंच दाट मालकी रान उघडं राहिलं. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी या नद्यांना मात्र बुरुज कुठे आहे हे कळत नाही. त्यांचं पाणी दोन्ही रानांतून येतं.

मालकी झाडांसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, अंजन अशा १६ जाती येतात. यादी मुख्यतः लाकूड आणि फळं डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. तीतला अंजन कोरड्या मुलखातला. सह्याद्रीच्या सदाहरित रानातली, निळ्या फुलांची अंजनी हे वेगळंच झाड, आणि ते यादीत नाही. पिसा नाही, पारजांभूळही नाही. जे झाड हे रान धरून ठेवतं, ते कागदावर ‘इंजायली’, म्हणजे किरकोळ लाकूड, होऊन जळणाला, कोळशाला जातं. दंडाची मर्यादाही वर्षानुवर्षं १ हजार रुपयेच राहिली. एका ट्रकच्या मालापुढे ती काहीच नव्हे.

गोदावर्मन या जंगलतोडीविषयीच्या खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगलच. तेव्हापासून तक्रारीला खरा आधार मिळाला. २०२० मध्ये विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर झाली. मात्र असं क्षेत्र कायद्याने सरकारी जमिनीवरच होतं, म्हणून मालकी रान पुन्हा बाहेर.

त्यामुळे भिस्त पुराव्यावर. परवान्यातला गट नंबर आधी सातबाराशी ताडायचा, मग जागेवर खुंट मोजायचे. परवानगीच्या झाडावर तोडीआधी बुंध्याशी वनखात्याच्या हातोड्याचा ठसा मारलेला असतो आणि तो खुंटावर राहतो. ठसा नसलेला खुंट म्हणजे परवान्याबाहेरचं झाड. घेराची तुलना करताना बरेच जण फसतात. उभ्या झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर घेतात, खुंट मात्र घोट्याजवळ असतो आणि तिथे घेर जास्तच भरतो. म्हणून शेजारच्या त्याच जातीच्या उभ्या झाडाचे दोन्ही उंचींवरचे घेर नोंदवावेत. फोटोत मोजपट्टी आणि आजूबाजूची खूण दिसलीच पाहिजे. एकाच वाहतूक परवान्यावर दुसरी खेप गेल्याचा संशय असेल, तर गाडी नंबर आणि वेळ लिहून ठेवावी.

तक्रार बहुधा उशिरामुळे पडते. जेसीबीने खुंट उपसले किंवा जाळले, की पंचनाम्याला काही उरत नाही. अंजनीला खुंटातून फुटवे येतात, उपसलेल्या जागी मात्र उजेड मिळताच रानमोडी हे तण माजतं. मिरगाचा पाऊस पडला, की माती वाहून खुंटांवर बसते आणि ठसे दिसेनासे होतात. मोजणी त्याआधीच उरकावी लागते.